भाकीत ठोकळ्याचे, स्लॅब मात्र खान्देशच्या उन्हात

काँक्रीट ओतण्यापूर्वीच त्याची २८ दिवसांनंतरची ताकद सांगणारे संगणकीय भाकीत हा आता स्थापत्य अभियांत्रिकीच्या संशोधनातील नेहमीचा विषय झाला आहे. तैवानमधील संशोधक आय-चेंग येह यांनी १९९८ मध्ये यासाठी कृत्रिम मज्जाजालाचा वापर केला. त्यांनी जमविलेली १०३० नमुन्यांची नोंद आजही जगभरचे विद्यार्थी वापरतात. जळगाव आणि धुळ्यातील बांधकामांना या भाकिताचा कितपत आधार घेता येईल, हा मात्र वेगळा प्रश्न आहे.

या नोंदीत आठ घटक आहेत : सिमेंट, भट्टीची मळी, राख, पाणी, रसायन, खडी, वाळू आणि काँक्रीटचे वय. हवेचे तापमान त्यात नाही. काँक्रीटवर किती दिवस पाणी मारले, हेही नाही. खान्देशात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. भारतीय मानकांनुसार ४० अंशांवरील तापमानात केलेले काँक्रीटकाम हे विशेष काळजीचे काम ठरते. म्हणजे येथे निर्णायक असलेले दोन घटकच गणिताबाहेर राहतात.

चाचणीचा ठोकळा टाकीत, सुमारे २७ अंशांच्या पाण्यात ठेवतात. त्याच मिश्रणाचा स्लॅब उन्हात आणि कोरड्या वाऱ्यात असतो. पाणी उडून गेले की सिमेंटची रासायनिक क्रिया अर्धवट थांबते, पृष्ठभागावर भेगा पडतात आणि सळईवरचे आवरण सच्छिद्र होते. त्यातून हवा व ओल सळईपर्यंत पोहोचते. गंजलेली सळई फुगते आणि काही वर्षांनी छताचे पोपडे गळू लागतात. ठोकळा उत्तीर्ण होतो, स्लॅब मात्र नापास!

‘आयएस ४५६’ या २००० सालच्या मानकाने उष्ण, कोरड्या हवेत किमान १० दिवस, तर राखमिश्रित सिमेंट असल्यास १४ दिवस पाणी मारण्याची शिफारस केली आहे. दीपनगरसारख्या औष्णिक केंद्रांतील राख मिसळलेले सिमेंट आज सर्रास वापरले जाते. त्याची ताकद सावकाश वाढते, म्हणून पाण्याची गरजही अधिक काळ असते. परंतु टंचाईच्या दिवसांत जेथे पिण्याचे पाणीच काही दिवसांआड मिळते, तेथे स्लॅबवरील आळी आणि ओली गोणपाटे किती दिवस टिकणार?

महाडची ‘तारिक गार्डन’ ही इमारत २४ ऑगस्ट २०२० रोजी कोसळून १६ जणांचा मृत्यू झाला. ती दहा वर्षांचीही नव्हती. महापालिका कायदा मात्र संरचनात्मक तपासणीसाठी इमारतीला ३० वर्षे होण्याची वाट पाहतो. इमारतीचे आयुष्य पुष्कळसे पहिल्या पंधरवड्यातच ठरते, याचे भान या तरतुदीत नाही.

उपाय खर्चिक नाही. बांभोरी, जळगाव, धुळे आणि शिरपूर येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. स्लॅब ओतल्याची तारीख, त्या दिवशीचे तापमान व पाणी मारल्याचे दिवस यांची नोंद महापालिकांनी परवानगीच्या कागदपत्रांत सक्तीची करावी. महाविद्यालयांनी प्रत्यक्ष स्लॅबची तपासणी करून तिची जोड द्यावी. खान्देशच्या उन्हाची अशी नोंद हाती येईल, तेव्हाच संगणकाचे भाकीत येथील घरांना लागू पडेल. तोवर बादलीभर पाणी हेच अधिक भरवशाचे!