मुळा-मुठेच्या कर्जाचा हिशेब चौकात मांडा!

पुणेकर नागरिकहो,

तुमच्या नदीच्या नावावर जपानचे कर्ज आहे. 13 जानेवारी 2016 रोजी केंद्र सरकारने ‘जायका’ या जपानी संस्थेशी करार केला. रक्कम 1,906 कोटी येन, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने सुमारे 1,000 कोटी रुपये. व्याज 0.30 टक्के. फेड 40 वर्षांत, त्यातली पहिली 10 वर्षे सवलतीची. ती 10 वर्षे सरली. 2016 साली जन्मलेले मूल चाळिशीचे होईल तेव्हा हे कर्ज फिटेल.

या पैशात काय मिळणार होते? मैलापाणी शुद्ध करणारी 11 नवी केंद्रे, त्यांची क्षमता रोज 396 दशलक्ष लिटर आणि 113 किलोमीटरहून अधिक लांबीच्या मैलावाहिन्या. खर्च 990 कोटी 26 लाख. मुदत जानेवारी 2022.

आणि मिळाले काय? 6 मार्च 2022 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन! ज्या कामाचे लोकार्पण व्हायचे, त्याचा नारळ मुदत उलटून गेल्यावर फुटला. त्या दिवशी सांगितलेला खर्च होता 1,470 कोटींहून अधिक. 990चे 1,470 कसे झाले? यात पुढच्या वर्षांची देखभाल किती, भाववाढ किती, सहा वर्षांच्या दिरंगाईचा दंड किती? बाबवार तक्ता करदात्याच्या हाती कुणी ठेवला?

आमचे म्हणणे एवढेच आहे: पैसा नव्हता म्हणून नदी घाण राहिलेली नाही. पैसा होता, तोही स्वस्त. नव्हता तो जाब विचारणारा.

कारण या पैशाची वाटच तशी आखलेली आहे. कर्ज घेतले दिल्लीने. प्रकल्पाच्या खर्चातले 85 टक्के, म्हणजे 841 कोटी 72 लाख, महापालिकेला द्यायचे ते अनुदान म्हणून. पालिकेने स्वतःच्या तिजोरीतून घालायचे फक्त 148 कोटी 54 लाख. म्हणजे फेडणारा एक आणि खर्चणारा दुसरा. काम रखडले तरी खर्चणाऱ्याच्या वहीत कर्जाची ओळ येत नाही, हप्त्याचा तगादा लागत नाही. पालिका अहवाल पाठवते केंद्राच्या नदी संवर्धन संचालनालयाला, तिथून तो जातो जायकाला. कागद वर वर चढत जातो. खाली, ज्यांच्या करातून हे फिटायचे त्यांच्याकडे, एक चिठोरासुद्धा उतरत नाही. जायका आपल्या कर्जप्रकल्पांचे मूल्यमापन जाहीर करते, कारण तिला जपानी करदात्याला तोंड द्यायचे असते. पुण्याच्या करदात्याला कोण तोंड देतो?

नगरसेवक? मार्च 2022मध्ये त्यांची मुदत संपली, म्हणजे नेमके काम सुरू होताना सभागृहाला कुलूप लागले. 2023-24, 2024-25 आणि 2025-26 ही तिन्ही अंदाजपत्रके प्रशासकांनीच मांडली आणि प्रशासकांनीच मंजूर केली. मागणारा तोच, देणारा तोच, तपासणाराही तोच. आणि सभागृह भरलेले होते तेव्हाच्या सहा वर्षांत तरी नारळ कुठे फुटला होता? तेव्हा हा जाब एका पक्षाचा किंवा एका आयुक्ताचा नाही. 2016पासून त्या खुर्च्यांवर जे जे बसले, त्या सगळ्यांचा आहे.

पुण्याला ‘लोकसहभागा’चे मोठे कौतुक. गेली जवळपास 20 वर्षे पालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे मागवते. कोपऱ्यावर बाक हवा, पदपथ दुरुस्त हवा, खुशाल अर्ज भरा. पण हजार कोटींच्या कामाबद्दल विचारायला त्या अर्जात रकाना नाही. बाकावर आमचे मत हवे आणि कर्जावर नको?

आम्हाला सांगतात, जागेचे वाद होते, निविदा चढ्या आल्या, फेरनिविदा काढाव्या लागल्या. मान्य. मग जागा ताब्यात नसताना मुदतीची तारीख कुणी लिहून दिली? दुसरे सांगतात, इतके स्वस्त कर्ज, तक्रार कसली? व्याज 0.30 टक्केच आहे, खरे. पण नदीत रोज सोडलेल्या मैल्याचे व्याज त्यात धरलेले नाही. ते भरतात दौंड-इंदापूरचे गावकरी, कारण मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते आणि भीमा उजनीत उतरते. उजनीचे पाणी सोलापूर पिते. पुण्याने चुकवलेली मुदत सोलापूरच्या नळाला जाऊन भिडते. आणि पुण्यात? त्याच 6 मार्चला नदीकाठ सुधारणेचेही भूमिपूजन झाले, 9 किलोमीटरच्या पहिल्या टप्प्याला 1,080 कोटींहून अधिक. काठाला दगडी साज आधी, पाण्याची शुद्धी सवडीने!

उपाय खर्चिक नाही. युगांडात 1991 ते 1995 या काळात सरकारने प्राथमिक शाळांना दिलेल्या अनुदानातले सरासरी 13 टक्केच शाळेपर्यंत पोहोचत होते. पुढे सरकारने कोणत्या जिल्ह्याला किती पैसे सोडले ते वर्तमानपत्रांत छापले आणि आलेली रक्कम शाळेच्या दारावर लावायला लावली. गळती झपाट्याने घटली. श्रेय एकट्या जाहिरातींचे किती, यावर अर्थतज्ज्ञ आजही वाद घालतात. पण आकडा दारावर लागला की हेडमास्तर आणि पालक एकाच कागदाकडे बोट दाखवू शकतात, यावर वाद नाही. युगांडाला जे जमले ते स्मार्ट म्हणवणाऱ्या पुण्याला जड का जावे?

म्हणून आमच्या मागण्या:

1. अकराही केंद्रांच्या दारावर मराठीत फलक लावा: मंजूर खर्च, आजवरचा खर्च, ठेकेदार, मूळ मुदत, वाढवलेली प्रत्येक मुदत आणि काल प्रत्यक्ष किती पाणी शुद्ध केले.

2. 990 कोटींपासून 1,470 कोटींपर्यंतचा बाबवार तक्ता जाहीर करा.

3. केंद्र सरकारला आणि जायकाला पाठवलेला प्रत्येक प्रगती अहवाल त्याच दिवशी मराठीत प्रसिद्ध करा.

4. मुदतवाढ देणाऱ्या प्रत्येक आदेशावर अधिकाऱ्याचे नाव आणि कारण लिहा.

5. दर तिमाहीला प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात खुली सुनावणी घ्या. नागरिक विचारतील, अभियंते उत्तर देतील.

यातले काहीही उपकार म्हणून मागितलेले नाही. आर्थिक तरतूद आणि झालेला खर्च स्वतःहून जाहीर करणे माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 नुसार बंधनकारकच आहे. त्याच कायद्याने नागरिकाला कामाची जागेवर पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचे नमुने घेण्याचाही हक्क दिला आहे. अर्जाचे शुल्क फक्त 10 रुपये.

म्हणून हे पत्रक वाचून घडी घालून ठेवू नका. तुमच्या जवळचे केंद्र कोणते ते शोधा, वरच्या मागण्यांपैकी एकीतली माहिती अर्जात मागा आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर अपील करा. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला दारातच विचारा: जायकाचा हिशेब आणलात का? कर्ज आपल्या नावावर काढलेले आहे, तेव्हा वहीही आपल्यासमोरच उघडली पाहिजे.

— नदीकाठचे काही करदाते

(वाचा, शेजाऱ्याला द्या, सोसायटीच्या फलकावर लावा.)