दाराचं कार्ड आणि वहीतली ओळ

गेल्या दिवाळीत आमच्या सोसायटीच्या खालच्या दाराला कार्डाचं कुलूप बसलं. पेटीजवळ कार्ड धरलं की ‘टिक्’ करून दार उघडतं. किल्ल्यांचा जुडगा सुटला म्हणून आम्ही सगळ्याजणी खूष! बसवणाऱ्या मुलानं भराभर कार्डं नोंदवली, वाटली आणि तो गेला.

पुढे दोनच महिन्यांत आमच्या कामाच्या मावशींचं कार्ड बसमध्ये हरवलं. ते रद्द करायला गेले, तर कुठलं कार्ड कुणाचं हे कुणालाच सांगता येईना. यंत्रात नुसते आकडे. शेवटी सगळीच कार्डं पुसून पुन्हा भरावी लागली. त्यात तीन दिवस गेले आणि तेवढे दिवस जो तो मावशींकडे संशयानं बघत होता. कार्ड काय, कुणाचंही हरवतं. नोंद ठेवली नाही ही चूक आमची. मान खाली घालावी लागली ती मात्र त्यांना!

म्हणून सांगते, तुमच्याकडे असं कुलूप बसणार असेल तर आधी एक वही घाला. शाळेच्या हजेरीपटासारखी. कार्डावरचा आकडा, यंत्रातला अनुक्रमांक, नाव आणि दिल्याची तारीख. कार्ड घरटी नको, माणशी द्या. मग हरवलं तरी तेवढं एकच रद्द होतं, बाकीच्यांना त्रास नाही.

दुसरं, यंत्र कारखान्यातून येतं तेव्हा त्याचा मुख्य आकडा ठरलेला असतो आणि माहितीपत्रकात छापलेलाही असतो. तो पहिल्याच दिवशी बदलून घ्या. नवा आकडा कमिटीतल्या दोघांजवळ असू द्या. एकजण गावाला गेला तर अडायला नको.

तिसरं, कार्ड कुठल्या जातीचं ते विचारा. १२५ किलोहर्ट्झची साधी कार्डं नुसता आपला आकडा सांगतात. त्यांची नक्कल सहज होते. १३.५६ मेगाहर्ट्झच्या कार्डांत सांकेतिक कुलपाची सोय असते. पण त्यातल्याही ‘मायफेअर क्लासिक’ या जुन्या प्रकाराचं कुलूप हॉलंडमधल्या नायमेखन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली फोडून दाखवलं. तेव्हा त्यापुढचं ‘डेसफायर’सारखं कार्ड मिळतं का, ते पाहा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: बाहेर पडायला कार्ड लागता कामा नये. आतल्या बाजूला बटण किंवा साधी मूठ हवीच. काही यंत्रांत कार्डाला वेळ लावून देता येते, सकाळी सात ते संध्याकाळी सात अशी. एखाद्या दिवशी काम लांबलं म्हणून कुणी आत अडकून पडायला नको. लोहचुंबकाचं कुलूप वीज गेली की सुटतं. आग लागली तर तेच बरं, पण बॅटरी संपल्यावर दार उघडंच राहतं. म्हणून महिन्यातून एकदा मुख्य बटण बंद करून बॅटरी किती वेळ टिकते ते बघा.

आमच्या वहीत आता मावशींचं नाव आमच्याच नावांच्या ओळीत आहे. परवा कार्ड हरवलं ते आमच्या ह्यांचं! पाच मिनिटांत रद्द झालं, आणि त्यांच्याकडे कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.