एनएलपी, प्रश्नपरीक्षा आणि दांडीचा रुग्ण

न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग, अर्थात एनएलपी, हे नाव व्यवस्थापनाच्या वर्गांतून आता वैद्यांच्या चिकित्सालयापर्यंत येऊन पोहोचले आहे. दोन दिवसांचे शिबिर, एक प्रमाणपत्र आणि रुग्णाच्या मनाची किल्ली हाती, असा त्याचा प्रचार असतो. त्यातील काय घ्यावे आणि काय सोडावे, ह्याविषयी आमचे मत स्पष्ट आहे.

१९७० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील शाखेत रिचर्ड बँडलर आणि भाषाशास्त्राचे अध्यापक जॉन ग्राइंडर ह्यांनी व्हर्जिनिया सटीर, फ्रिट्झ पर्ल्स आदी मानसोपचारकांच्या संभाषणाचा बारकाईने अभ्यास केला. माणूस बोलताना अनुभवातील काही गाळतो, काही बदलतो, काही सरसकट करतो. नेमक्या प्रश्नाने गाळलेले परत मिळवावे, हा त्यांच्या १९७५ मधील पहिल्या ग्रंथाचा गाभा. आम्हांस मोल वाटते ते एवढ्याचेच.

चरकांनी रुग्णाच्या चार गुणांत ज्ञापकत्व सांगितले आहे. आपली व्यथा नीट सांगता येणे हा गुण खरा. परंतु तो ज्याच्यापाशी नाही, त्याच्याकडून व्यथा काढून घेणे हे वैद्याचे काम नव्हे काय?

दांडीसारख्या किनाऱ्यावरच्या गावात हा प्रश्न रोजचा आहे. "अंग नेहमीच दुखतं," असे मच्छीमार सांगतो. 'नेहमी' म्हणजे केव्हा? उधाणाला की भांगाला? जाळे ओढल्यावर की पहाटे उठताना? डोल जाळ्यावर जाणाऱ्याचा दिवस घड्याळावर नव्हे, भरती-ओहोटीवर चालतो. त्यास "सकाळ-संध्याकाळ जेवणापूर्वी" म्हणून औषध दिले, तर त्याची सकाळ कोणती आणि जेवण कधीचे, हे आपण विचारलेलेच नसते. मग तो औषध घेत नाही, आणि आपण केसपेपरवर 'पथ्य पाळत नाही' असा शेरा मारतो. हा शेरा आम्हीही अनेकदा मारला आहे.

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतून येणाऱ्या कामगाराच्या बाबतीत तर ह्याहून अधिक काही पणास लागते. तो "दम लागतो, छातीत भीती वाटते" एवढेच म्हणतो. शिबिरातून परतलेला उत्साही वैद्य 'भीती' हा शब्द उचलून काही मिनिटांत ती घालविण्याचे तंत्र सुरू करील. त्याऐवजी "सुटीच्या दिवशी दम कमी लागतो का? गावी गेल्यावर?" एवढे विचारले, आणि उत्तर 'हो' आले, तर संशय कामाच्या जागेतील वाफांवर अथवा धुळीवर जातो. अशा रुग्णाची श्वसनक्षमता-चाचणी झाली पाहिजे. मनास दिलेल्या सूचनेने ते निदान लांबेल, आणि तोवर फुप्फुसाची हानी होत राहील.

बाकीच्या दाव्यांना आधार तुटपुंजा आहे. डोळ्यांच्या हालचालींवरून खोटे ओळखता येते, हा दावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत टिकला नाही. त्याच वर्षी ब्रिटनमधील एका समीक्षेस एनएलपीमुळे आरोग्य सुधारते ह्याचा पुरावा फारसा आढळला नाही. दृश्य, श्राव्य आणि स्पर्श ह्या तीन प्रवृत्तींची वात-पित्त-कफाशी जोडी लावण्याचा मोह आपल्यांतील काहींना होतो. तीन आणि तीन जुळले म्हणून शास्त्र जुळत नाही. (ह्या हिशोबाने रिक्षाची तीन चाकेही त्रिदोषांत बसतील.)

सत्त्वावजय ही चिकित्सा आपल्याकडे आहेच, आणि विषाद हा रोग वाढविणाऱ्यांत अग्रणी, हेही चरकांनी नोंदविले आहे. तिच्या अभ्यासाकरिता परदेशी प्रमाणपत्राची गरज नाही. प्रश्न विचारण्याची शिस्त मात्र जेथून मिळेल तेथून घ्यावी. केसपेपरवर रुग्णाचे पहिले वाक्य त्याच्याच शब्दांत, मांगेली असेल तर मांगेलीत, लिहावे. आपले 'संधिशूल' वा 'श्वास' त्याखाली, दुसऱ्या ओळीत. पुढच्या खेपेस त्याला त्याच्याच शब्दाने विचारता येते, आणि तो शब्द बदललेला असेल तर तेही लक्षात येते.