रीस्टार्ट मारला, साइट सुरू!

आमच्या ऑफिसात एक रजिस्टर आहे. रजिस्टर म्हणजे शेअर केलेली एक्सेल शीटच, पण सगळे त्याला रजिस्टर म्हणतात. रात्रपाळीला काय बिघडलं आणि आपण काय केलं, ते त्यात लिहायचं. गेल्या वीकांताला ते पहिल्यापासून वाचून काढलं (हो, शनिवारी लोक सिनेमाला जातात, कल्पना आहे मला :)). एका सर्व्हरपुढे तीन महिने एकच वाक्य सापडलं: ‘रीस्टार्ट केला, साइट सुरू.’ आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त ओळींपुढे नाव माझं!

तर झालं असं की, मी एका छोट्या होस्टिंग कंपनीत काम करतो. हा सर्व्हर विंडोजचा, त्यावर दीडेकशे साइट्स. दुकानं, क्लासेस, दोन पतसंस्था, आणि एका शिक्षणसंस्थेचा प्रवेशअर्ज. अर्जाची साइट जुन्या एएसपीमधली. एएसपी आलं १९९६ साली, म्हणजे जवळपास माझ्याच वयाचं. अर्जात विद्यार्थ्याचा फोटो आणि मार्कशीटचा फोटो चढवायचा. ते फोटो लहान करायला कुणीतरी कधीकाळी एक ३२ बिटचं कॉम्पोनंट आणून बसवलेलं. ज्याने बसवलं तो नोकरी सोडून गेला, ज्यांनी बनवलं ती कंपनी बंद पडली. आपल्या क्षेत्रात यात नवल काहीच नाही.

एरवी सगळं सुरळीत. पण गर्दी वाढली की पानावर एरर यायची: एएसपी ०११५, बाहेरच्या ऑब्जेक्टमध्ये बिघाड, स्क्रिप्ट पुढे चालू शकत नाही. मग कुणाचाच फोटो चढेना. रीस्टार्ट मारला की पुन्हा सगळं छान. टीम लीडचं म्हणणं, “अरे, आधी रीस्टार्ट मार, मग बघू.” ते ‘मग’ कधी उजाडलंच नाही. उलट अप्रेझलमध्ये माझं कौतुक झालं, की हा पाच मिनिटांत साइट उभी करतो. मीही खूश.

मग आला अर्जाचा शेवटचा दिवस. संध्याकाळपासून मी तीनदा आयआयएस रीसेट केलं. साडेदहाला सपोर्टचा फोन माझ्याकडे आला. पलीकडे एका मुलीचे वडील. “साहेब, तिसऱ्यांदा भरतोय हो. सगळं भरून होतं, फोटोपाशी येतो आणि परत पहिल्या पानावर फेकतंय.” आवाज चढलेला नव्हता, नुसता थकलेला होता. मी म्हटलं, “काका, सर्व्हरवर लोड आहे, थोड्या वेळाने करून बघा.”

खरं कारण मी होतो. जुन्या एएसपीचं सेशन वर्कर प्रोसेसच्या मेमरीत राहतं. प्रोसेस गेली की अर्धवट भरलेले सगळे अर्ज गेले. म्हणजे एकाचा फोटो चढावा म्हणून मी प्रत्येक वेळी बाकी सगळ्यांना पहिल्या पानावर पाठवत होतो. शिवाय आयआयएस रीसेट म्हणजे दीडशेच्या दीडशे साइट्स बंद-चालू. पतसंस्थेचा आणि या फोटोंचा संबंध काय? काही नाही. पण भोगलं त्यांनीही.

त्या रात्री पहिल्यांदा हात आवरला. प्रॉकडंपला सांगून ठेवलं, की ॲक्सेस व्हायोलेशन दिसलं रे दिसलं की त्याच क्षणाचा पूर्ण डंप घे. वीस मिनिटांत डंप मिळाला. तो घेतल्यावर फक्त त्या साइट्सचा ॲप्लिकेशन पूल रीसायकल केला, आणि मग डंप उघडून बसलो.

कारण समजलं तेव्हा हसावं की रडावं कळेना. आमच्या साइटवर फोटोला ५ एमबीची मर्यादा होती. पण ती फाइलची! मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० गुणिले ३०००, एक कोटी वीस लाख पिक्सेल. दर पिक्सेलला ३ बाइट धरले तर उघडल्यावर तो ३६ एमबी जागा मागतो, आणि तीही सलग. ३२ बिट प्रोसेसला जास्तीत जास्त ४ जीबीचे पत्ते मिळतात, मशीनमध्ये रॅम कितीही असो. नाटकाला दहा जणांचा ग्रुप जातो, थिएटरात पन्नास खुर्च्या रिकाम्या असतात, पण ओळीने दहा कुठेच नसतात. अगदी तसंच. एकूण जागा शिल्लक होती, ३६ एमबीचा सलग तुकडा नव्हता. आणि आमचं कॉम्पोनंट जागा मिळाली का हे न तपासताच थेट लिहायला जायचं, शून्य पत्त्यावर. की आलीच एरर. रीस्टार्टनंतर थिएटर रिकामं, म्हणून थोडा वेळ सगळं सुरळीत.

पुढची दुरुस्ती चार दिवसांची. जेपीईजीच्या हेडरमध्ये लांबी-रुंदी लिहिलेली असते, ती आधी वाचायची. फोटो ब्राउझरमध्येच लहान करून पाठवायचा. त्या साइटला स्वतंत्र पूल द्यायचा. चार दिवस! आणि आम्ही तीन महिने रजिस्टर भरत होतो.

म्हणून माझं मत असं, की कारण न बघता रीस्टार्ट मारणं म्हणजे पुरावा पुसणं. चोरी झालेल्या घरात पोलीस यायच्या आधी कुणी झाडू-पोछा करत नाही. आपण दर वेळी तेच करतो आणि वर शाबासकी घेतो.

टीम लीडचीही बाजू आहे. साइट बंद असताना गिऱ्हाइकाला तुमचा डंप नको असतो, साइट हवी असते. मान्य. आयआयएस स्वतःच मुळात दर १७४० मिनिटांनी पूल रीसायकल करतं. म्हणजे २९ तास. २४ च्या पुढची पहिली मूळ संख्या, म्हणजे रोज त्याच वेळेला दणका बसू नये. बनवणाऱ्यांनीच सोय करून ठेवली आहे, मग आपण का लाजायचं? मीही रीस्टार्टच्या विरोधात नाहीच. आधी डंप घ्या, मग जेवढं बिघडलंय तेवढंच रीसायकल करा, आणि रजिस्टरात ‘का’ नावाचा एक रकाना वाढवा. तोच रकाना तिसऱ्यांदा रिकामा राहिला की दुसऱ्या दिवशी एका माणसाला बाकी कामं सोडून तेवढंच द्या. एवढंच मागणं आहे.

दुसरे म्हणतात, जुना कचरा फेकून नवीन लिहा. तेही करावं लागेलच. ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हीबीस्क्रिप्टला निवृत्तीच्या वाटेला लावलंच आहे. पण कारण माहीत नसताना नव्याने लिहिलं, तर ५ एमबीची तीच मर्यादा नव्या कोडमध्ये जाऊन बसली असती. आणि नव्या जगात तर रीस्टार्ट मारायला माणूसही लागत नाही. कुबरनेटीसमध्ये कंटेनरने उत्तर दिलं नाही की तो आपोआप पुन्हा सुरू होतो. रीस्टार्टचा आकडा एका रकान्यात वाढत राहतो आणि डॅशबोर्ड हिरवागार! आमच्या रजिस्टरात निदान माणसाचं नाव तरी असायचं.

त्या मुलीचा अर्ज आला का, ते मी नंतर डेटाबेसमध्ये पाहिलं. आला होता, रात्री ११ वाजून ४७ मिनिटांनी. बरं वाटलं. मग विचार केला, ज्यांनी दुसऱ्यांदा पहिल्या पानावर आल्यावर नाद सोडला, त्यांचं काय? त्यांची ओळ टेबलात नाही, आमच्या रजिस्टरात तर नाहीच. तिथे त्या रात्रीपुढे माझ्याच अक्षरांत तीनदा लिहिलंय: ‘रीस्टार्ट केला, साइट सुरू.’

असो. ‘का’चा रकाना मी शुक्रवारी शीटमध्ये टाकलाय, कुणाला न विचारता. सोमवारी कोण कोण उडवतंय ते बघू.