सोळा आणे खरी हद्द

दिवाळीत सोयरेधायरे जमले की आमच्या नगर जिल्ह्यात बोलणे बांधावर येतेच. हल्ली त्यात ‘रोव्हर’ नावाचा नवा पंच शिरला आहे. उपग्रहांच्या साह्याने तो सेंटिमीटरपर्यंत अचूक टिंब दाखवितो, आणि टिंब पडले की तंटा मिटला, असे लोक मानतात. हा निव्वळ भ्रम आहे!

यंत्र खोटे बोलत नाही. पण त्याला हद्द सांगतो कोण? इंग्रजी अमदानीतले टिपण. ते ३३ फुटी साखळीने मोजलेले. साखळीचे आणे सोळा. म्हणजे एक आणा दोन फुटांहून किंचित अधिकच! आण्यांत लिहिलेला दाखला संगणकात घातला म्हणून सेंटिमीटरचा कसा होईल?

म्हणून आधी शिवारातले शाबूत जुने दगड शोधा, नकाशा त्यांवर बसवून पाहा, कुठे किती फरक पडतो ते दोन्ही शेजाऱ्यांसमोर मोठ्याने वाचा. मगच हरवलेला कोपरा ठरवा. हद्दीच्या खुणा सांभाळण्याची जबाबदारी १९६६ च्या जमीन महसूल संहितेने जमीनधारकावरच टाकली आहे. नांगराने दगड उखडायचा आणि साक्षीला उपग्रह बोलवायचा, हा कुठला न्याय?