मणक्यातलं स्टेरॉइड इंजेक्शन: एकाला आराम, दुसऱ्याला काहीच फरक नाही, असं का होतं?

कंबरदुखीने हैराण झालेल्या माणसाला भेटायला दोन प्रकारचे पाहुणे येतात. एक म्हणतो, "मणक्यात इंजेक्शन घे. मी घेतलं आणि दुसऱ्या आठवड्यात चालायला लागलो." दुसरा म्हणतो, "अजिबात घेऊ नकोस. पैसे गेले, दुखणं तिथंच आहे." गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात.

२०२० मध्ये जगभरात जवळपास ६२ कोटी लोकांना कंबरदुखीचा त्रास होता, असं 'लॅन्सेट' समूहाच्या नियतकालिकातला अभ्यास सांगतो. म्हणजे हा प्रश्न घरोघरी आहे. आणि या इंजेक्शनबद्दल खुद्द डॉक्टरांचंही एकमत नाही.

हे इंजेक्शन नेमकं काय करतं?

कण्याच्या आत नसांवर एक आवरण असतं. त्या आवरणाच्या बाहेरच्या जागेला एपिड्युरल स्पेस म्हणतात. तिथे स्टेरॉइड आणि बहुतेकदा सोबत भूल देणारं औषध सोडलं जातं. गादी सरकून नस दबली की तिच्याभोवती सूज येते. स्टेरॉइड ती सूज कमी करतं. पण सरकलेली गादी ते जागेवर बसवत नाही.

बाळंतपणात किंवा सिझेरियनच्या वेळी पाठीत देतात ते इंजेक्शन वेगळं. ते भुलीचं असतं, त्याचा आणि या उपचाराचा संबंध नाही.

अनेक रुग्ण पहिल्याच रात्री घाबरतात. भुलीमुळे काही तास एकदम बरं वाटतं, मग भूल उतरते आणि दुखणं परत येतं. "इंजेक्शन वाया गेलं" असं वाटतं. प्रत्यक्षात स्टेरॉइडचा परिणाम दिसायला साधारण दोन दिवस ते आठवडा लागतो.

मग अनुभव इतके वेगळे का?

पहिलं कारण म्हणजे दुखण्याचा प्रकार. कमरेतून निघून पायात कळ जाते, ती सायटिका. तिथे नसेभोवती सूज असते, त्यामुळे औषधाला काम असतं. पण नुसतीच कंबर वर्षानुवर्षं दुखत असेल, तर या इंजेक्शनकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०१६ मध्येच सांगितलं होतं की साध्या कंबरदुखीसाठी मणक्यात इंजेक्शन देऊ नका. नव्याने सुरू झालेल्या तीव्र सायटिकासाठी मात्र त्याचा विचार करता येईल, असंही त्यांनी म्हटलं.

दुसरं कारण म्हणजे आपण इंजेक्शन कधी घेतो. दुखणं अगदी असह्य झालं की घेतो. सायटिकाची कळ अनेकांमध्ये काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप ओसरते. मग श्रेय कोणाचं, इंजेक्शनचं की वेळेचं? एकट्या रुग्णाच्या अनुभवावरून हे ठरवता येत नाही.

म्हणून तुलना करणारे अभ्यास लागतात. २०२० मध्ये कॉक्रेन संस्थेने सायटिकावरच्या २५ चाचण्या एकत्र तपासल्या. पायाच्या दुखण्यात १०० पैकी सरासरी ५ गुणांचा फरक दिसला, तोही थोड्या काळापुरता. ही सरासरी आहे. त्यात खूप आराम पडलेलेही आहेत आणि काहीच फरक न पडलेलेही.

२०२५ मधला वाद

फेब्रुवारी २०२५ मध्ये काही दिवसांच्या अंतराने दोन निष्कर्ष आले. अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरोलॉजीने ९० अभ्यास तपासून सांगितलं की नस दबलेल्या रुग्णांमध्ये इंजेक्शनने तीन महिन्यांपर्यंत काहीसा आराम मिळू शकतो. दुसरीकडे 'बीएमजे'च्या समितीने तीन महिन्यांहून जुन्या मणक्याच्या दुखण्यासाठी, पायात कळ जात असली तरी, हे इंजेक्शन देऊ नये अशी ठाम शिफारस केली. या समितीत असं दुखणं सोसणारे रुग्णही होते. वेदनातज्ज्ञांनी यावर आक्षेप घेतला. सगळ्या रुग्णांना एकाच मापाने मोजलं, असं त्यांचं म्हणणं.

एका गोष्टीवर मात्र फारसा वाद नाही: फायदा झालाच तर तो बहुतेकदा थोड्या काळाचा असतो.

धोका किती?

गंभीर त्रास दुर्मीळ आहेत, पण आहेत. २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने पक्षाघात, दृष्टी जाणं आणि मृत्यूबद्दल इशारा दिला. एपिड्युरल वापरासाठी आपण या स्टेरॉइडना मान्यताच दिलेली नाही, हेही स्पष्ट केलं. २०१२ मध्ये तिथे एका कंपनीच्या बुरशी लागलेल्या इंजेक्शनमुळे २० राज्यांत ७५० हून अधिक लोक आजारी पडले आणि ६० हून अधिक जण दगावले. दोष औषध बनवणाऱ्या जागेतल्या अस्वच्छतेचा होता.

आपल्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं ते शुगरकडे. भारतात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत आणि या इंजेक्शननंतर काही दिवस शुगर चांगलीच वाढू शकते.

डॉक्टरांना काय विचाराल?

- माझं दुखणं नसेचं आहे की नुसत्या कमरेचं?
- आराम पडला तर किती दिवस टिकेल? त्या काळात कोणता व्यायाम करायचा?
- सुई एक्स-रेवर बघून देणार का? कोणतं स्टेरॉइड वापरणार?
- मला मधुमेह आहे किंवा रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे, तर काय काळजी घ्यायची? (गोळी स्वतःहून बंद करू नका.)
- पहिल्या इंजेक्शनने फरक पडला नाही, तर दुसरं कशासाठी?

लघवी-संडासवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद झपाट्याने कमी झाली, तर इंजेक्शनचा विचार बाजूला ठेवून लगेच मोठं रुग्णालय गाठा.

आणि पुढच्या वेळी कोणी "मी घेतलं, मला बरं वाटलं" म्हणालं, तर त्यांना एकच विचारा: तुमचं पायात जात होतं का?