वाड्यातला मासा

तो फोटो वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. 5 ऑगस्ट 2024 रोजी बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना देश सोडून भारतात आल्या आणि ढाक्यातल्या त्यांच्या सरकारी निवासस्थानात माणसे घुसली. कोणी खुर्ची नेली, कोणी साड्या नेल्या, आणि एक गृहस्थ देवाचा प्रसाद मिळाल्यासारखा भला मोठा मासा हातात धरून बाहेर पडले. देवळापुढच्या हॉटेलात हा फोटो हातोहात फिरला, तेव्हा आमच्या एका रापणकार मित्राने गंभीरपणे विचारले, "मास्तर, मासा ताजा दिसतो का हो?"

आम्ही पोट धरून हसलो. खोटे कशाला सांगा?

त्याआधी 9 जुलै 2022 रोजी कोलंबोला राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यातील तलावात लोक पोहले, तेव्हाही असेच हसलो होतो. त्या हसण्याला कारण होते. या राष्ट्राध्यक्षांनी 2021 साली रासायनिक खताची आयात एका हुकुमाने बंद केली. आपल्या सरद-वायंगणासारखी तिथे भाताची महा आणि याला अशी दोन पिके. खत नाही म्हटल्यावर भात घसरले आणि वर्ष संपायच्या आत हुकूम मागे घ्यावा लागला. चीनहून मागवलेले सेंद्रिय खत तपासणीत नापास झाले, बंदरात उतरूच दिले नाही, तरी त्यापायी सुमारे 67 लाख डॉलर मोजावे लागले! न आलेल्या खताचे पैसे भरणारा शेतकरी आमच्या गावात तरी अजून जन्मला नाही. पुढे तिजोरी आटली, मच्छीमारांना रॉकेल मिळेना, होड्या किनाऱ्यावर पडून राहिल्या. एवढे सोसल्यावर लोक दुसऱ्याच्या तलावात बुडी मारणारच. शिवाय वाड्यात सापडलेली पावणेदोन कोटींहून अधिक रोकड त्यांनी मोजून पोलिसांच्या हवाली केली, हेही सांगितले पाहिजे. आपल्याकडे ती कोणाच्या हवाली झाली असती याचा विचार ज्याने त्याने करावा.

पण त्याच वर्षी 9 मे रोजी सरकार पक्षाच्या एका खासदाराला जमावाने ठार मारले, त्याच्या पोलीस रक्षकालाही. ती बातमी वाचून आम्ही हसलो नाही. फक्त पान उलटले. सत्तेच्या माणसाचा जीव गेला तर एवढ्यावर भागते, असे आमचे मन तेव्हा म्हणाले असावे.

मनाची ही सवय जुनी आहे. 1986 च्या डिसेंबरात राजभाषेच्या वादात आपल्या गोव्यात रस्ते अडले, जाळपोळ झाली, माणसे गेली, तेव्हा आम्ही शाळेत शिकत होतो. गेलेले बहुतेक समोरच्या बाजूचे म्हणून आमच्या आळीत हळहळ जरा बेतानेच झाली. कोणी बोलून दाखवले नाही, पण रात्रीचे जेवण नेहमीसारखे झाले. त्या घरांत चूल पेटली नसेल, हे ध्यानात यायला आम्हाला कितीतरी वर्षे लागली. मराठीवरचे आमचे प्रेम तेव्हाही होते, आजही आहे. त्या जेवणाशी त्याचा काही संबंध नव्हता.

मग आले नेपाळ. सरकारने समाजमाध्यमांवर बंदी घातली, भ्रष्टाचाराचा राग साठलेलाच होता, आणि 8 सप्टेंबर 2025 रोजी शाळा-कॉलेजच्या गणवेशातली मुले रस्त्यावर आली. गोळीबारात त्या एका दिवशी 19 जण गेले. मास्तरकी करणाऱ्या माणसाला गणवेश म्हटला की आधी आपल्या वर्गातले चेहरे दिसतात. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, संसद पेटली, सचिवालय पेटले आणि सर्वोच्च न्यायालयही पेटले. खटल्यांचे कागद जळाले. पुढे न्यायाधीश तंबूत बसून तारखा देऊ लागले.

हॉटेलात हे वाचून दाखवत होतो. मंत्र्यांची घरे जळाल्याचे ऐकून दोघा-तिघांनी "बरे झाले" म्हटले. कागद जळाल्याचे ऐकून मात्र कोपऱ्यात बसलेल्या एका वृद्ध मुंडकाराचा चहा हातातच राहिला. मुंडकार कायदा झाला 1975 साली. त्यांच्या घराचा दावा अजून चालूच आहे. आधी वडील कचेरीत जात, मग हे, आता मुलगा जातो.

"मास्तर, भाटकाराकडे कागद असतात. त्याचा वकील ठेवतो," ते म्हणाले. "ज्याचा एकच कागद आणि तोही कचेरीत, त्याने काय करावे?"

आम्हाला उत्तर सुचले नाही. माशाचा विनोद करणारे रापणकार मित्रही गप्प होते. त्यांच्या होडीचा परवाना आणि घरपट्टीच्या पावत्या पत्र्याच्या एका डब्यात असतात, हे आम्हाला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते वृद्ध गृहस्थ शाळेत आले. काखेत प्लास्टिकची पिशवी, तीत एक-चौदाचा उतारा, घरपट्टीच्या पावत्या आणि वडिलांच्या हयातीतल्या दोन नोटिसा. त्यांना प्रत्येक कागदाच्या दोन-दोन झेरॉक्स प्रती हव्या होत्या. एक मुलीच्या सासरी ठेवणार, म्हणाले, आणि दुसरी आमच्याकडे.